उद्यमनगरात सगळं नवं होतं; जुनी स्पोर्ट्स कार जुनीच कशी ठेवायची?

तुटलेलं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दात गेलेला गिअर, गंजून चाळण झालेली वॉटर पंपाची बॉडी, काहीही पिशवीत घालून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात न्या. मिस्त्री ते हातात घेतील, उलटसुलट करून बघतील आणि म्हणतील, "हुतंय की! पर दुरुस्त कशाला करत बसताय, नवीनच करू या." ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक घडवलेल्या गावात दुसरं उत्तर मिळायचं नाही. बाहेरगावचे हौशी लोक ज्या कामासाठी महिनोन्‌महिने ताटकळतात ते इथे दोन गल्ल्यांच्या आत होतं. पण गाडी मूळ रूपात आणायची असेल तर नेमकी हीच सोय अंगाशी येते. सगळं नवं करता येतं म्हणून सगळं नवं केलं जातं, आणि शेवटी दारात उभी राहते ती जुन्या गाडीसारखी दिसणारी नवी गाडी.

ज्यांनी अजून एकही जुनी गाडी खोललेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणाला इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्यातली टी मालिका घेतली आहे: टीसी (१९४५ ते १९४९), टीडी (१९४९ ते १९५३) आणि टीएफ (१९५३ ते १९५५). दोन सीट, कापडी हूड, १२५० सीसीचं (शेवटच्या काही टीएफमध्ये १४६६ सीसीचं) चार सिलिंडरचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, वेगळी चेसी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि तिच्यावर लाकडी सांगाड्याला ठोकलेला पत्रा. टीसीचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा) चालवणाऱ्यासमोर असतो आणि स्पीडोमीटर शेजारी बसणाऱ्यासमोर. किती वेगाने चाललोय ते बायकोला दिसतं, आपल्याला नाही! रचना साधी आहे, इंजिन उघडं केलं की समोर दिसतं आणि इंग्लंडमध्ये अजून बरेचसे भाग मिळतात.

एमजी परवडत नसेल तर स्टँडर्ड हेराल्ड घ्या. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण मद्रासला तयार झालेली ही गाडी म्हणजे ट्रायम्फ हेराल्डच, आणि ट्रायम्फची स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच चेसीतून निघाली. हात बसवायला यापेक्षा चांगली गाडी नाही. अख्खं बॉनेट पुढे कलंडतं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं.

कागद आधी, गाडी नंतर

नवखा माणूस पत्र्याला टिचक्या मारत बसतो. तुम्ही आधी आरसी मागा. चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवर आहेत तेच गाडीवर आहेत का, हे स्वतः बघा. काजळी पुसा, बॅटरी लावा, फोटो काढा. एमजीच्या इंजिनावर नंबराची पितळी पट्टी अष्टकोनी असते. टीसीचे चेसी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता आणि तिथे मॉडेलची मोजणी त्याच आकड्यापासून करायची रीत पडली होती.

सुटे भाग मिळेनात त्या काळात अशा गाड्यांत कधी अ‍ॅम्बेसेडरचं, तर कधी फियाटचं इंजिन बसवलं गेलं. तशी गाडी आली तर लगेच नाही म्हणू नका, पण किंमत त्या हिशेबाने पाडा. मूळ इंजिन नंतर शोधून बसवू, हे बोलायला सोपं असतं.

कागदाचा हट्ट धरायला आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते; पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे मूळपणा ही नुसती हौशी लोकांची खोड राहिलेली नाही, ती नोंदणीची बाब झाली आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, ती १० वर्षं चालते आणि नंतर ५,००० रुपये भरून पुन्हा करावी लागते. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं. आधीची भारतीय नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढायची.

आरसी आजोबांच्या नावावर आणि वारस चार ठिकाणी पांगलेले, असा प्रकार आपल्याकडे फार आढळतो. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत टोकन देऊ नका. "कागद काय, नंतर हुतील" असं म्हणणाऱ्याकडची गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या.

गाडी बघताना आणखी एक गोष्ट: गंजलेला मोठा भाग परवडतो, पण हरवलेला छोटा भाग परवडत नाही. मडगार्ड सडलं असेल तर पत्रा ठोकून होईल. हूडचा सांगाडा, काचेच्या फ्रेमचे ब्रॅकेट, मूळ दिवे, मीटर, कार्ब्युरेटर गायब असतील तर तेवढ्याच वस्तू जमवण्यात गाडीइतका पैसा जाईल.

स्पॅनर हातात घेण्याआधी

जागा ठरवा. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ ला कुठवर आलं होतं ते गल्लीतल्या कुणालाही विचारा आणि त्या रेषेच्या वरचं शेड घ्या. खोललेली गाडी रातोरात हलवता येत नाही.

मग फोटो. प्रत्येक जोड, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कुठल्या बोल्टखाली किती वायसर आहेत. मोबाइलमध्ये फोटो आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, एक जाड वही ठेवा आणि तीत हाताने आकृत्या काढा. फोटोत दिसतं ते सगळं कळतंच असं नाही. हाताने काढलेलं डोक्यात राहतं. प्रत्येक जोडणीचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर नाव. 'किरकोळ' असं लिहिलेला डबा एकही नको.

मूळ रंगाचा पुरावा याच टप्प्यावर गोळा करायचा. डॅशबोर्डच्या मागे, नंबरप्लेटखाली, दरवाजाच्या अस्तराआड, पेट्रोल टाकीच्या पट्टीखाली कारखान्याचा रंग बहुतेक वेळा शिल्लक असतो. एखाद्या सपाट जागी पाण्यात भिजवलेल्या १००० नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने गोल घासा. रंगांची कडी दिसतील: वरचा कुठल्यातरी गॅरेजचा, खाली आणखी एक, त्याखाली प्रायमर आणि सगळ्यात आत कारखान्याचा. त्याचा फोटो दिवसाच्या सावलीत काढा.

आता वहीत तीन याद्या करा: जसं आहे तसं ठेवायचं, दुरुस्त करायचं, बदलायचं. माझा दंडक असा आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि पेट्रोलची लाइन यांत भावनेला जागा नाही. शंका आली की बदला. बाकी जे डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं ते शक्य तितकं जुनंच राहू द्या. स्टिअरिंगचं झिजलेलं चाक, डॅशबोर्डवरचे पुसट आकडे, अष्टकोनी बिल्ल्यावरचा बारीक ओरखडा, या गोष्टी एकदा गेल्या की कुठल्याच लेथवर परत होत नाहीत.

ही यादी झाल्याशिवाय एकही भाग कुणाकडे पाठवू नका. आणि पाठवाल तेव्हा भागाला चिठ्ठी बांधून पाठवा. आपल्याकडे चांगला कारागीर न सांगता जास्तीचं काम करून देतो, प्रेमाने. कार्ब्युरेटरचं बुश बदलायला दिलं तर बॉडीला बफ मारून आरशासारखी चमकवून आणतो आणि वर म्हणतो, "पॉलिशचं पैसं नकोत." कारखान्यातून ती तशी चमकत आलीच नव्हती, हे त्याला आधी सांगायचं काम आपलं. "मामा, फक्त बुश. बाकी कशाला हात लावू नका," असं तोंडाने सांगा, आणि तेच चिठ्ठीवरही लिहा.

खोलताना: आट्यांचा गोंधळ

एमजीचं हे इंजिन, ज्याला एक्सपीएजी म्हणतात, एका बाबतीत चमत्कारिक आहे. त्याचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश इंची मापाची. एमजी ज्यांच्या घरातली त्या मॉरिस कंपनीने विकत घेतलेल्या इंजिन कारखान्यात फ्रेंच हॉचकिस कंपनीची यंत्रं होती, ती मेट्रिक आटे पाडायची. पाने मात्र इंग्लंडभर व्हिटवर्थचे. म्हणून हा संकर. त्यात पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तीही आजची नाही. ८ मिमीच्या बोल्टला १ मिमीची पिच. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ८ मिमीच्या बोल्टला १.२५ मिमीची असते. तो दोन आटे जातो, अडकतो, आणि गॅरेजातला मुलगा पान्याला पाइप लावून ओढतो. ब्लॉकमधले आटे गेले! त्यामुळे मूळ बोल्ट एकही टाकून देऊ नका, वाकडा असला तरी नमुना म्हणून ठेवा. चेसीवरचे बहुतेक बोल्ट बीएसएफ, म्हणजे बारीक आट्यांचे इंग्लिश मापाचे, असतात.

व्हिटवर्थचा पाना संच आधी मिळवा. मेट्रिक पाना 'जवळपास' बसतो आणि डोकं गोल करतो. जुन्या ऑइल इंजिनांवर काम केलेल्या फिटरच्या पेटीत व्हिटवर्थचे पाने आणि टॅप-डाय अजून सापडतात. त्यांच्याशी ओळख वाढवा, चहा पाजा.

न सुटणाऱ्या बोल्टला आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल, दुसऱ्या दिवशी गॅसची ऊब आणि मग आधी थोडं घट्ट करून मागे फिरवायचं. घाई झाली की छिन्नी येते, आणि छिन्नी आली की बोल्टसोबत ब्रॅकेटही जातं.

टीसीच्या तारांच्या चाकांना मधोमध एकच मोठा पंखाचा नट असतो. डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. दोन्हीकडे सोडवताना गाडीच्या पुढच्या दिशेला फिरवायचं. हब डावे-उजवे बदलून बसले तर चालता चालता नट आपोआप सैल होतो, म्हणून हब काढतानाच त्यांवर खूण करा. हातोडा तांब्याचा किंवा शिशाचा.

गंज: मळीची टाकी

इथे कोल्हापूरकरांचं नशीब जोरावर आहे. गंज काढायचा जगभरच्या हौशी लोकांचा एक आवडता उपाय म्हणजे साखर कारखान्याची मळी. जनावरांच्या खाद्यात घालतात तीच. साधारण एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात कालवा, ग्रीस आणि रंग काढलेला लोखंडी भाग त्यात पूर्ण बुडवा आणि विसरा. मळीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून सोडवतात, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांत काम होतं, थंडीत महिनाभरही लागतो. वर फेस येतो, वास सुटतो, शेजारी विचारायला येतात. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग मात्र त्यात अजिबात टाकू नका, खाऊन जातात. बाहेर काढल्यावर पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस झाक चढते.

घाई असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढता येतो: भागाला ऋण टोक, समोर टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला धन. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन निघतो, विडी-सिगारेट लांब.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत ओळख असली की कुणीतरी सुचवतंच, "आमच्या शॉट ब्लास्टिंगला घाला, दहा मिनिटांत पांढरं करून देतो." ब्रेक ड्रम, ब्रॅकेट असे जाड भाग जरूर द्या. पत्रा देऊ नका. ओतीव लोखंडावरची वाळू झाडायला बनवलेलं ते मशीन मडगार्डाचा पत्रा ताणून पापडासारखा वेडावाकडा करतं, आणि मग तो कुठल्याच डेंटरच्या हाताला येत नाही.

चेसी आणि लाकूड

रिकामी चेसी सपाट फरशीवर चार ठोकळ्यांवर ठेवा. स्प्रिंगच्या कड्या, क्रॉस मेंबरची भोकं अशा ठरावीक जागांवरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा, चेसी बाजूला घ्या आणि कर्णं मोजा. दोन कर्णं जुळली की चेसी सरळ. गवंड्याकडचा ओळंबा चालतो, लेझर लागत नाही.

लाकूड हा या गाड्यांचा खरा आजार. बाहेरून पत्रा बरा दिसतो आणि आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा भुसा झालेला असतो. दरवाजा उघडा आणि टोकाला धरून वर उचलून बघा. बिजागरी न हलता आख्खा खांबच हलला तर आतलं लाकूड गेलं. टिंबर मार्केटमध्ये तुम्हाला सागवान सुचवतील, तेही कळकळीने, कारण सागाला वाळवी लागत नाही. पण अ‍ॅश चिवट असतं, धक्का सोसून परत येतं, स्क्रू घट्ट धरतं. सागाच्या तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. मूळ रूप हवं असेल तर अ‍ॅशच मागवा, आणि जुना सडका तुकडा शेवटपर्यंत फेकू नका. सुताराला माप त्याच्यावरूनच घ्यायचं आहे.

सगळं लाकूड एकदम काढू नये. एका वेळी एक खांब काढा, नवा बसवा, दरवाजाची फट तपासा, मग पुढचा. सगळा सांगाडा सुटा केला की मूळ आकार कुठे होता हे सांगणारं काहीच उरत नाही. मग सुतार चांगला असूनही दरवाजे लागत नाहीत, आणि दोष पत्र्याला दिला जातो. बॉडी, दरवाजे, बॉनेट, मडगार्ड रंगाआधी एकदा पूर्ण जोडून बघायचंच. हा टप्पा वगळण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण जोडून पुन्हा खोलायचं जिवावर येतं.

इंजिन: इथे गावाचा फायदा घ्या

बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला धक्का मारून चालू करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग हाताने हँडल मागेपुढे हलवा. फिरलं तर ठीक, नाहीतर हेड काढा. अडकलेली रिंग जबरदस्तीने फिरवली की बोअरवर ओरखडे पडतात.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६६.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिमी. बोअर किती झिजलाय ते मोजूनच रिबोअर करायचा (कापून मोठा करायचा) की नुसत्या रिंगा पुरतील हे ठरवा. मिस्त्री सवयीने थेट लायनर, म्हणजे सिलिंडरात नवी नळी, सुचवतील. क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, गाइड ही कामं उद्यमनगरात उत्तम होतात, त्याविषयी मला काही शिकवायचं नाही. फक्त मापं लेखी घ्या.

ब्लॉकला चीर असेल तर वेल्डिंगची घाई नको. ओतीव लोखंड एका जागी तापलं की शेजारी नवी चीर जाते. थंड अवस्थेत धातूचे टाके घालून चीर शिवायची पद्धत आहे, ती जाणणारा कारागीर शोधा.

नवा भाग ओतून घ्यायचाच झाला, उदाहरणार्थ मॅनिफोल्ड, तर एक गोष्ट पॅटर्नवाल्याशी आधीच बोला. जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबला तर ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. ३०० मिमीचा भाग ३ मिमीने कमी येतो आणि भोकं जुळत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम त्याहूनही थोडं जास्त आकसतं. शिवाय मशीनिंगला जादा माल ठेवावा लागतो. म्हणून लाकडी पॅटर्न वाढीव मापाचा वेगळा करून घ्या. नव्या भागाच्या आतल्या बाजूला, सहज न दिसेल अशा जागी, वर्ष कोरून ठेवा. उद्या गाडी विकत घेणाऱ्याला खरं-खोटं कळलं पाहिजे.

या गाड्यांचा एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर उघडला की बहुतेक वेळा दोष थ्रॉटलच्या दांड्यात सापडतो: दांडी आणि तिचं भोक दोन्ही झिजतात, तिथून हवा ओढली जाते आणि गाडी कितीही ट्यून केली तरी आयडलिंगला टिकत नाही. सुई बदलण्याआधी दांडी हलवून बघा. आतला पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक् असा आवाज करत खाली बसला पाहिजे.

ब्रेक आणि पेट्रोल

टी मालिकेला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक. सगळे रबर सील, सगळे होज नवे. यात तडजोड नाही. व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर बाहेरची मूळ बॉडी ठेवून आत पितळेचा किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह बसवून घ्या. जुनेपण आणि सुरक्षा दोन्ही साधणारं हे काम आपल्या लेथवर सहज होतं. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

टीसीच्या १९ इंची चाकावर बुलेटचा १९ इंची टायर बसतो, आणि स्वस्तात बसतो, म्हणून काही जण लावतात. मोटारसायकलचा टायर वळणावर कलण्यासाठी गोल बनवलेला असतो, मोटारीच्या वजनासाठी नव्हे. ४.५०-१९ मापाचाच मोटारीचा टायर मागवा.

पेट्रोलची कथा आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. पंपावरच्या ई२० मध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आणि त्याला उसाचा मोठा हातभार. शेतकऱ्याला चांगलं, १९४७ च्या पेट्रोल पाइपला वाईट. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पंपाचा पडदा खराब करतं आणि हवेतलं पाणी ओढून टाकीला आतून गंज चढवतं. पेट्रोलचे सगळे होज व्हिटॉन किंवा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

वायरिंगबद्दल एवढंच: या गाड्यांत बॅटरीचं धन टोक चेसीला असतं. नव्या सवयीने ऋण टोक जोडलं तर अडचणी सुरू. कापडी वेष्टनाचा, मूळ रंगांच्या वायरांचा हार्नेस तयार मिळतो. तो घ्या, टेप गुंडाळत बसू नका. टीसीचे जेगर बनावटीचे मीटर आतून घड्याळासारखे चालतात, म्हणून ते मीटर रिपेरवाल्यापेक्षा जुन्या चावीच्या घड्याळांवर हात बसलेल्या माणसाकडे न्या.

रंग पावसाळ्यात नको

या गाड्यांचा मूळ रंग सेल्युलोज, ज्याला आपले पेंटर अजून डुको म्हणतात. आजचा टू-के (दोन घटक मिसळून मारायचा) रंग जास्त टिकतो आणि त्याची चमकही जास्त असते, म्हणूनच जुन्या गाडीवर तो ओला प्लॅस्टिक वाटतो. डुकोला खूप हात लागतात, मध्ये मध्ये घासावं लागतं आणि चमक मऊ येते. माझं मत डुकोच्या बाजूने आहे; गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर मात्र टू-के चालवून घ्या.

डुको मारायचाच तर जून ते सप्टेंबर रंगाच्या बूथचं नाव काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, कोल्हापूरच्या दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळा लाकूड, इंजिन, मीटर यांत घालवा, बरोबर वेळ जुळते. पेंटरला लांबी (पुटी) किती लावली ते विचारा, आणि चुंबक फिरवून स्वतः बघा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीच आहे.

क्रोमला बफ करणारा माणूस कडा गोल करतो. अष्टकोनी बिल्ल्याच्या कडा तीक्ष्णच राहिल्या पाहिजेत, हे समोर उभं राहून सांगा.

सीटचं बसायचं तोंड चामड्याचं आणि बाजू-पाठ रेक्झिनची, अशी कारखान्याची रीत होती. त्यामुळे सगळंच चामड्यात मढवणं हीसुद्धा चूकच, महागडी. चपलांचं गाव म्हणून चपलेचं चामडं सुचवलं तर नको म्हणा. ते तळव्यासाठी कमावलेलं, जाड आणि ताठ असतं, सीटच्या शिलाईला ते वळत नाही. मऊ अपहोल्स्ट्री चामडं वेगळं मागवावं लागतं.

मूळपणाचा अर्थ डोळ्यांनी समजून घ्यायचा असेल तर दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात जा. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार शाही दसऱ्याला येते. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत घुसून दिवे, पायऱ्या, दारांच्या फटी बघा.

रस्त्यावर

नोंदणीसाठी फॉर्म २०, विमा, आधीची आरसी आणि शुल्क लागतं. गाडी बाहेरून आणलेली असेल तर आयातीची कागदपत्रंही. तुमची वही आणि फोटो सोबत न्या. अधिकाऱ्याने 'इंजिन बदललंय का' असं विचारलं तर त्याच्यासमोर नंबराच्या पट्टीचा खोलण्याआधीचा फोटो ठेवता येतो.

पहिल्या फेऱ्या सपाट रस्त्यावर, पहाटे, सोबत पाणी, पाने आणि आग विझवायचं सिलिंडर. दर फेरीनंतर चाकांचे नट, स्टिअरिंगचे जोड आणि ब्रेकच्या लाइनी हाताने तपासा. ड्रमला हात लावून बघा. एक चाक इतरांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय. इंजिन गरम असताना टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट तपासा. टीसीला ती ०.०१९ इंच असते. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा टॉर्कने आवळा आणि तेल बदला.

पन्हाळ्याचा चढ त्यानंतरच. वाघबीळपर्यंत तापमानाचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा, वर गेल्यावर पुन्हा लिहा. चढताना गरम होऊन सपाटीवर लवकर उतरत असेल तर टायमिंग आणि मिश्रण बघा. उतरतच नसेल तर रेडिएटर आतून बुजलाय, तो खोलून रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ करून घ्या. येताना उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेकवर लटकू नका.